आधी नोंदी, मग नवीन स्विच

या वेळच्या पत्रांमध्ये एक गोष्ट सारखी दिसली. कोणाचं व्हर्च्युअलायझेशनचं (एका सर्व्हरवर अनेक मशीन चालवायच्या सॉफ्टवेअरचं) लायसन बदललंय, कोणाचे नेटवर्कचे स्विच जुने झालेत, कोणाला वरून "एसडीएन करा" (म्हणजे नेटवर्क सॉफ्टवेअरमधून चालवा) असा निरोप आलाय, आणि सगळे विचारतायत की घ्यायचं काय. मी बहुतेक ठिकाणी आधी काय लिहून काढायचं ते सांगितलंय आणि घ्यायचं नंतर, कारण माझा अनुभव तसाच आहे. सहा पत्रं निवडली, थोडी छाटली, नावं काढून टाकली.

प्रश्न : ताई, आमच्याकडे चाळीसेक स्विच आहेत, तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे, आणि आम्ही ॲडमिन दोघंच. नवीन आयटी हेड आलेत, ते म्हणतात या वर्षी एसडीएन करायचंच. तीन व्हेंडर येऊन गेले आणि तिघांनी एसडीएन म्हणून तीन वेगळ्याच गोष्टी दाखवल्या. नक्की काय आहे हे, आणि आम्हाला ते लागतं का?

उत्तर : तिघंही खरंच सांगत असतील, गोंधळ त्या शब्दातच आहे. कोणत्याही स्विचमध्ये दोन कामं चालतात. पॅकेट आलं की टेबल बघून ते योग्य पोर्टकडे ढकलायचं, हे डेटा प्लेन. आणि ते टेबल भरायचं कसं हे ठरवायचं, ते कंट्रोल प्लेन. जुन्या पद्धतीत प्रत्येक बॉक्स शेजाऱ्यांशी बोलून आपलं आपण ठरवतो. २००८ मध्ये स्टॅनफर्डच्या निक मॅककिओन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओपनफ्लोचा पेपर काढला, त्यातली कल्पना अशी की स्विचच्या टेबलात काय भरायचं हे बाहेरच्या एका सॉफ्टवेअरला, म्हणजे कंट्रोलरला, ठरवू द्यायचं, कारण त्याला सगळं नेटवर्क एकदम दिसतं. पुढे २०११ मध्ये ओपन नेटवर्किंग फाउंडेशन आलं, आणि २०१३ मध्ये गूगलने आपल्या डेटा सेंटरांना जोडणाऱ्या बी-फोर नेटवर्कचा पेपर छापला, त्यात त्यांनी बऱ्याच लिंक जवळजवळ शंभर टक्के भरून चालवल्याचं दाखवलं. पण तिथे ट्रॅफिक त्यांचंच होतं, कोणती कॉपी आत्ता जायला हवी आणि कोणती थांबली तरी चालेल हे त्यांना ठरवता येत होतं. तुमच्या ऑफिसात अकाउंट्सचं ट्रॅफिक थांबवून बघा काय होतं ते.

बाकीच्या जगात एसडीएन वेगळ्या वाटेनं आलं. स्विच तेच ठेवून त्यांच्या डोक्यावरून सर्व्हर ते सर्व्हर बोगदे टाकायचे, ज्याला ओव्हरले म्हणतात, आणि नेटवर्कची हुशारी हायपरवायझरमधल्या (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या) सॉफ्टवेअर स्विचमध्ये ठेवायची. ओपन व्हीस्विच हा त्यातला सगळ्यात जास्त वापरला गेलेला, २०१२ पासून तो थेट लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येच आहे. शिवाय शाखा जोडणारं एसडी-वॅन आणि कंपनीच्या कंट्रोलरने चालणारं स्विच फॅब्रिक (एकत्र चालणारे स्विच), हे दोन्हीही याच नावाने विकतात. तुमचे तीन व्हेंडर बहुधा हेच तीन दाखवून गेले.

आता तुम्हाला लागतं का. त्याआधी एक विचारते, तुमचा वेळ नेमका कशात जातो? नवीन व्हीलॅन (त्याच स्विचवरचं वेगळं नेटवर्क) द्यायला चार दिवस लागतात का? आणि लागत असतील तर त्यातला कमांड टाईप करायचा वेळ किती, आणि "ही केबल कुठे जाते" हे शोधण्याचा किती? मी जिथे जिथे हे मोजायला लावलं तिथे शोधण्यातच जास्त वेळ जात होता, आणि ते दुखणं कंट्रोलर विकत घेऊन बरं होत नाही, कारण कंट्रोलरलाही शेवटी कोणीतरी सांगावं लागतं की काय असायला हवं.

म्हणून दोघांच्या टीमसाठी माझा सल्ला असा की आधी नेटबॉक्स हे नेटवर्कच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर बसवा, ते ओपन सोर्स आहे, त्यात रॅक, पोर्ट, केबल, आयपी, व्हीलॅन सगळं भरा. ते आज जसं आहे तसं नाही, जसं असायला हवं तसं भरायचं, आणि हा फरक फार महत्त्वाचा आहे. मग रोज रात्री सगळ्या स्विचचं कॉन्फिग ओढून गिटमध्ये, म्हणजे बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या टूलमध्ये, टाका. सुरुवातीला ॲन्सिबल (स्विचला आपोआप कमांड देणारं टूल) फक्त वाचायला वापरा, लिहायला नाही, म्हणजे सकाळी आलात की रात्रीत कुठे काय बदललं आणि नेटबॉक्सशी काय जुळत नाही ते समोर दिसतं. महिना दोन महिने हे चाललं की तुमचा स्वतःच्या नोंदींवर विश्वास बसतो, आणि मग एनटीपी (वेळ), सिसलॉग (लॉग), एसएनएमपीच्या (मॉनिटरिंग) सेटिंग्ज असल्या ज्या चुकल्या तरी नेटवर्क पडणार नाही त्यापासून लिहायला सुरुवात करा. तीन कंपन्यांचे स्विच आहेत म्हणून घाबरू नका, ॲन्सिबलमध्ये तिन्हींचे मॉड्यूल सापडण्याची शक्यता भरपूर आहे. साहेबांना हे एसडीएनचा पहिला टप्पा म्हणून दाखवा, त्यात खोटं काहीच नाही.

प्रश्न : मॅडम, आम्ही प्रॉक्समॉक्सच्या (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) क्लस्टरमध्ये व्हीएक्सलॅन, म्हणजे ओव्हरलेचे बोगदे, चालू केलं. पिंग जातो, एसएसएच लॉगिन होतं, पण मोठी फाईल कॉपी करायला गेलं की लटकतं, काही वेबपेज अर्धी उघडतात. दोन आठवडे झाले, फायरवॉल बघून बघून कंटाळलो.

उत्तर : एमटीयू बघा, म्हणजे लिंकवरून जाणाऱ्या एका पॅकेटचा कमाल आकार. नव्वद टक्के तेच असणार, आणि माझे स्वतःचे तीन दिवस याच्यात गेलेत, एका क्लायंटकडे, शुक्रवारी संध्याकाळी चालू केलं, सगळे पिंग हिरवे, सगळे घरी गेले आणि रात्री बॅकअप सुरू झाल्यावर सगळं ठप्प. छोटं पॅकेट जातं, मोठं जात नाही, आणि पिंग डिफॉल्टला छोटंच असतं म्हणून ते आपल्याला फसवतं.

हिशोब सोपा आहे. व्हर्च्युअल मशीन १५०० बाईटचं पॅकेट पाठवतं, त्याला आतलं इथरनेट हेडर १४, मग व्हीएक्सलॅनचं ८, यूडीपीचं ८ आणि बाहेरचं आयपी २०, म्हणजे वर ५० बाईट चढले. खालच्या नेटवर्कला कमीत कमी १५५० चा एमटीयू हवा, आणि बाहेरून आयपीव्ही-सिक्स वापरत असाल तर १५७०. मधल्या एका जरी स्विचवर १५०० राहिला तरी मोठी पॅकेट तिथे गपचूप पडतात. शक्य असेल तर खाली सगळीकडे ९००० करून टाका, आणि सगळीकडे म्हणजे खरंच सगळीकडे, हायपरवायझरचं कार्ड, बाँड, ब्रिज, स्विचचा पोर्ट आणि दोन स्विचमधली लिंकसुद्धा. नसेल जमत तर व्हर्च्युअल मशीनचा एमटीयू १४५० ला आणा, चालतं, फक्त एखादं मशीन विसरलात की तोच त्रास परत.

तपासायचं कसं तर दोन हायपरवायझरमध्ये डोन्ट फ्रॅगमेंट (पॅकेट तोडू नको) लावून पिंग मारा, पेलोड १५२२ ठेवा, कारण त्यात २८ बाईट हेडरचे मिळवले की बरोब्बर १५५० होतात. ९००० केला असेल तर ८९७२. आणि हे एकदा बघून सोडून देऊ नका, मॉनिटरिंगमध्ये टाका, कारण सहा महिन्यांनी कोणीतरी स्विच बदलणार आणि नव्या स्विचवर डिफॉल्ट १५०० असणार.

अजून एक जागा सांगून ठेवते. व्हीएक्सलॅनचा ठरलेला यूडीपी पोर्ट ४७८९ आहे, पण लिनक्समध्ये हाताने इंटरफेस बनवला आणि पोर्ट सांगितला नाही तर तो जुना ८४७२ घेतो. एका बाजूला स्विच आणि दुसऱ्या बाजूला लिनक्स असेल तर इथेही अडकतं, पण मग पिंगसुद्धा जात नाही, त्यामुळे तुमच्याकडे हे कारण नसावं.

प्रश्न : सगळं एका कंट्रोलरच्या हातात द्यायची भीती वाटते. तो पडला तर सगळंच बंद का? आमचे सीनियर म्हणतात की म्हणूनच जुनं बरं.

उत्तर : नीट बांधलेलं असेल तर कंट्रोलर पडला म्हणून चालू ट्रॅफिक थांबत नाही. टेबल आधीच स्विचमध्ये किंवा हायपरवायझरमध्ये भरलेलं असतं, पॅकेट त्यावरून जातच राहतात. अडतं ते नवीन काम, म्हणजे नवीन मशीन उभं करणं, पॉलिसी बदलणं, कुठे मशीन हललं तर त्याचा नवा पत्ता इतरांना कळवणं. कंट्रोलर तीन घ्यावेत, त्यातले दोन जिवंत असले की बहुमत राहतं. दोनच घेण्यात काही अर्थ नाही, एक गेला की दुसऱ्याला कळत नाही की तो एकटा उरलाय की त्याचीच केबल तुटलीय.

पण तुमच्या सीनियरची भीती मी हसण्यावारी नेणार नाही, त्यांना खरा धोका दिसलाय, फक्त तो दुसऱ्या जागी आहे. एका ठिकाणी मी बघितलं की तिन्ही कंट्रोलर त्याच क्लस्टरवर व्हर्च्युअल मशीन म्हणून ठेवले होते ज्या क्लस्टरचं नेटवर्क ते चालवत होते, डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारं सर्व्हर) पण तिथेच, पासवर्डचं सर्व्हर पण तिथेच. वीज गेली, यूपीएस संपला, परत चालू करायला गेले तर कंट्रोलरला नेटवर्क हवं, नेटवर्कला कंट्रोलर हवा, आणि लॉगिन करायला जो पासवर्ड हवा तो न चालणाऱ्या मशीनमध्ये. पूर्ण रात्र गेली. म्हणून कंट्रोलर, एक डीएनएस, वेळेचं सर्व्हर आणि पासवर्डची एक प्रत ही सगळी त्या नेटवर्कच्या बाहेर साध्या मशीनवर साध्या व्हीलॅनमध्ये ठेवा, आणि बंद पडलेलं सगळं कोणत्या क्रमाने चालू करायचं ते कागदावर छापून रॅकला लावा.

४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास बंद होतं ते आठवत असेल. मेंटेनन्सच्या वेळी दिलेल्या एका कमांडने त्यांचं अख्खं बॅकबोन (डेटा सेंटर जोडणारं नेटवर्क) खाली गेलं, अशी कमांड अडवायला जे तपासणीचं टूल होतं त्यातच बग होता, मग डीएनएस सर्व्हरांनी बीजीपीने, म्हणजे नेटवर्कांनी एकमेकांना रस्ते कळवायच्या पद्धतीने, जाहीर केलेले आपले रस्ते मागे घेतले आणि बाहेरून काहीच सापडेना. त्यांचं आऊट-ऑफ-बँड, म्हणजे अडचणीसाठी ठेवलेलं वेगळं, नेटवर्कसुद्धा त्या वेळी चाललं नाही, माणसं प्रत्यक्ष डेटा सेंटरला पाठवावी लागली. एवढ्या मोठ्या टीमचं असं होतं. तेव्हा वेगळ्या मार्गाने जाणारी एक कन्सोल लाईन ठेवा आणि दर तीन महिन्यांनी मेन लाईन काढून ती खरंच चालते का ते बघा.

प्रश्न : नमस्कार. ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही व्हर्च्युअलायझेशनची कंपनी घेतल्यापासून आमचं रिन्यूअलचं गणित कोलमडलंय. सहा होस्ट (सर्व्हर), दोनशेच्या आसपास व्हर्च्युअल मशीन, टीम तिघांची. ओपनस्टॅक की प्रॉक्समॉक्स?

उत्तर : तुमच्यासारखी बरीच पत्रं आहेत. नोव्हेंबर २०२३ ला तो व्यवहार पूर्ण झाला आणि डिसेंबरमध्येच कायमस्वरूपी लायसन विकणं बंद केलं, सगळं सबस्क्रिप्शनवर गेलं. तुमच्या आकाराला मी प्रॉक्समॉक्सच म्हणेन. ओपनस्टॅक, म्हणजे स्वतःचा क्लाउड उभारायचं सॉफ्टवेअर, २०१० मध्ये रॅकस्पेस आणि नासाने मिळून सुरू केलं, ते चांगलंच आहे, पण एकमेकांपासून वेगळे ठेवायचे बरेच विभाग, त्यांचे कोटा, सेल्फ सर्व्हिस अशी गरज असली की शोभतं, आणि ते सांभाळायला त्याच कामाची माणसं लागतात. तिघांची टीम ओपनस्टॅकच्या अपग्रेडमध्येच दमून जाईल. दोन्हींच्या तळाशी साधारण केव्हीएम हे व्हर्च्युअल मशीनचं इंजिनच असतं, ते २००७ पासून लिनक्स कर्नलमध्ये आहे, त्यामुळे इंजिन कच्चं आहे का ही काळजी सोडून द्या.

काळजी स्टोरेजची करा. सेफ (Ceph, सगळ्या होस्टच्या डिस्क एकत्र वापरणारं स्टोरेज) वापरणार असाल तर डिफॉल्टला प्रत्येक डेटाच्या तीन प्रती राहतात, म्हणजे ९० टीबीच्या डिस्क घेतल्या तर हातात ३० येतात, आणि तेही पूर्ण भरायचे नाहीत, ८५ टक्क्याला ते ओरडायला लागतं आणि ९५ ला लिहिणंच थांबवतं. एक होस्ट मेला तर त्याचा डेटा उरलेल्यांवर बसायला जागा हवी, ती धरून हिशोब करा. कमीत कमी १० जीचं (सेकंदाला १० गिगाबिट) वेगळं नेटवर्क द्या, फ्लॅश डिस्क असतील तर २५ जी. आणि क्लस्टरच्या आपसातल्या गप्पा म्हणजे कोरोसिंक, त्याला वेगळी लिंक द्याच. त्याला वेग नको असतो, उशीर चालत नाही, ५ मिलिसेकंदाच्या आत उत्तर हवं. बॅकअपच्या लिंकवरच कोरोसिंक ठेवलं तर रात्री बॅकअपने लिंक भरली की होस्टला वाटतं आपण एकटे पडलो, आणि हाय अव्हेलेबिलिटी (होस्ट पडला तर मशीन दुसरीकडे आपोआप उठवणं) चालू असेल तर तो स्वतःला रीबूट करतो. चांगला चालणारा होस्ट. फार वाईट वाटतं ते बघताना.

हलवताना विंडोज मशीनमध्ये आधी, म्हणजे जुन्या जागी असतानाच, व्हर्टआयओचे (केव्हीएमच्या व्हर्च्युअल डिस्क आणि कार्डचे) ड्रायव्हर टाका, नाहीतर नव्या जागी गेल्यावर डिस्कच दिसत नाही. जुने स्नॅपशॉट काढून टाका. २०२४ पासून प्रॉक्समॉक्समध्ये ईएसएक्सआयवरून (व्हीएमवेअरचा हायपरवायझर) थेट आयात करायची सोय आहे, ती चालते, तरी पहिली दहा मशीन अशी निवडा की जी बंद पडली तर कोणाचा फोन येणार नाही. नेटवर्कसाठी त्यांचं एसडीएन ८.१ आवृत्तीपासून सोबतच येतं, पण माझं ऐकाल तर स्थलांतर होईपर्यंत साधेच व्हीलॅन ठेवा. हायपरवायझर आणि नेटवर्क दोन्ही एकाच वेळी बदललं तर बिघाड कुठला हे तुम्हाला सांगता येणार नाही.

आणि एक बॅकअप खरंच रिस्टोअर करून बघा. नव्या जागी.

प्रश्न : व्हाईट बॉक्स (स्वतःच्या सॉफ्टवेअरशिवाय मिळणारे) स्विच घेऊन त्यावर सॉनिक ही स्विचची ओपन सोर्स सिस्टम टाकायचा विचार आहे. घ्यावं का? आणि ओपन सोर्सला सपोर्ट नसतो, सुरक्षित नसतं असं मॅनेजमेंट म्हणतं, त्यांना काय सांगू?

उत्तर : सॉनिक मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये खुलं केलं, २०२२ पासून ते लिनक्स फाउंडेशनकडे आहे, आणि ते मोठ्या डेटा सेंटरच्या गरजेतून जन्मलेलं आहे. म्हणजे लीफ आणि स्पाईनची दोन थरांची रचना, प्रत्येक दुव्यावर बीजीपी, आत एफआरआर हे राउटिंगचं सॉफ्टवेअर. तिथे ते उत्तम. ऑफिसच्या मजल्यावर फोनला आणि कॅमेऱ्याला वीज देणारे स्विच, ज्यावर प्रत्येक पोर्टला लॉगिन तपासायचंय, तिथे मी अजून नेहमीच्या कंपन्यांचेच घेते. आणि "सॉनिक चालतं" एवढ्यावर विश्वास ठेवू नका, तुमचं अचूक मॉडेल, त्यातली अचूक चिप आणि अचूक आवृत्ती हे तिन्ही मिळून चालतं का ते विचारा. कुठलाही स्विच घेण्याआधी महिनाभर व्हर्च्युअल लॅबमध्ये खेळा, सॉनिकचं व्हर्च्युअल रूप मिळतं, बीजीपी आणि ईव्हीपीएन (बीजीपीवरून ओव्हरलेचे पत्ते कळवणं) सगळं लॅपटॉपवर शिकता येतं.

मॅनेजमेंटला मी असं सांगेन. सपोर्ट विकत मिळतो, ओपन सोर्सलाही मिळतो, तो घ्याच. सुरक्षिततेबद्दल मार्च २०२४ चं उदाहरण द्या, एक्सझेड नावाच्या, फाईल लहान करणाऱ्या छोट्या लायब्ररीत कोणीतरी मोठ्या चलाखीने मागचं दार बसवलं होतं, आणि आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरला एसएसएच लॉगिन अर्धा सेकंद हळू का झालं याचा छडा लावताना ते सापडलं. यातून दोन्ही कळतं, धोका खरा आहे आणि सोर्स उघडा होता म्हणूनच त्यांना तो शेवटपर्यंत खणता आला. मॅनेजमेंटने भीती बाळगावी ती दुसऱ्या गोष्टीची, प्रकल्प कोणाच्या हातात आहे याची. सेंटओएस ८ या फुकट लिनक्सला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार होते, डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की २०२१ अखेर बंद. मग तिच्या जागी अल्मा आणि रॉकी आले, लोक सावरले, पण घाई झालीच. ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म या सर्व्हर उभारणीच्या टूलचं लायसन बदललं, त्यातून ओपनटोफू निघालं. एकाच कंपनीचा प्रकल्प आहे की फाउंडेशनचा, एवढं बघून निवडलं तरी पुष्कळ.

आणि लायसनचे वाचलेले पैसे माणसांवर खर्च करा असंही सांगा. ते पैसे वाचले म्हणून खिशात घातले तर दोन वर्षांत सगळं परत जिथल्या तिथे येतं.

प्रश्न : ताई, वीस वर्षं कमांड लाईनवर काम केलंय. आता नवीन मुलं पायथन लिहितात, वायएएमएल लिहितात, मीटिंगमध्ये मी गप्प बसतो. कोअर स्विचचा पोर्ट २३ कधीच बंद करायचा नाही हे मला माहीत आहे आणि का ते पण, त्यांना माहीत नाही. पण मला कोणी विचारतही नाही. माझं आता काय काम?

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ती मुलं जे लिहितायत ते "कसं करायचं" आहे, आणि ते शिकायला तुम्हाला सहा महिने पुरतील, कारण बीजीपी का पडतो, स्पॅनिंग ट्री का फिरतो हे तुम्हाला आधीच कळतं, फक्त लिहायची भाषा नवी आहे. गिटपासून सुरू करा, पायथन नंतर. त्यांना मात्र पोर्ट २३ चं कारण कुठल्याच कोर्समध्ये मिळणार नाही. त्यांचं टूल एक दिवस नेटबॉक्समध्ये बघणार, पोर्ट २३ ची नोंद नाही, म्हणून "नको असलेला पोर्ट" समजून तो बंद करणार, आणि टूलने सांगितलेलंच केलं असणार.

मुलांपैकी जे कोणी सगळ्यात कमी बोलतं त्याला शेजारी घेऊन बसा, तो स्क्रिप्ट लिहील, तुम्ही प्रत्येक ओळीला "आणि असं झालं तर?" विचारा. बदल करायच्या आधी तपासायच्या गोष्टींची जी यादी तुमच्या डोक्यात आहे ती त्याच्या कोडमधल्या टेस्ट होतील. पण आज संध्याकाळी निघायच्या आधी नेटबॉक्समध्ये जा, पोर्ट २३ चं पान उघडा आणि डिस्क्रिप्शनमध्ये लिहा की पलीकडे काय आहे, ते कोणासाठी ठेवलंय, बंद केला तर काय पडेल. खाली तारीख आणि तुमचं नाव टाका.